पाणपोईच्या पाटीवरचा शब्द

पेंटरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे तळाशी रंग वाळून दगड झालेले डबे, आणि दुसरे किस्से. डबे आम्ही दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊन टाकायचो. किस्से मात्र कोणी वजनावर घेत नाही. म्हणून ते माझ्याकडेच राहिले!

मी पाट्या रंगवायला लागलो तेव्हा नागपुरात प्लॅस्टिकची अक्षरं आलेली नव्हती. किराणा दुकान असो, दवाखाना असो की मंगल कार्यालय, अक्षर हातानंच काढायचं. आमच्या दुकानात आम्ही चौघे. मालक दिवाकरराव, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. उस्मानचाचा, चित्रं आणि उर्दू अक्षरं त्यांच्याकडे. गजभिये, ज्याच्यासारखं देवनागरी वळण मी अजून कोणाच्या हातात पाहिलं नाही. आणि मी.

भाऊंचा एकच नियम होता. "गिऱ्हाईक सांगन ते लिहायचं. आपल्या मनचा एक काना बी लावायचा नाही!"

ऐकायला सोपा वाटतो. पाळायला बसलं की कळतं!

* * *

रामदासपेठेत एका बाई डॉक्टरांनी नवा दवाखाना उघडला. पाटीचं काम माझ्याकडे आलं. मी कागद-पेन्सिल घेऊन गेलो. नाव विचारलं, डिग्री विचारली, आणि मग नेहमीचा प्रश्न टाकला, "नावाच्या आधी काय लिहू? सौ. की कु.?"

"डॉ. लिहा."

"डॉ. तर लिहीनच मॅडम. पण त्याच्या आधी?"

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. केस पिकायला लागलेले, आवाज एकदम शांत.

"हे बघा, माझ्याकडे लोक ताप घेऊन येतात. स्थळ घेऊन नाही!"

मी डॉ. लिहिलं आणि तोंड मिटून परत आलो. भाऊंना सांगितलं तर ते इतके हसले, इतके हसले, की ब्रश टर्पेंटाइनऐवजी चहात बुडवला!

* * *

पांढरीपांडे सरांचं घर महाल भागात होतं, पण बैठक आमच्या दुकानात. एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायचे. संध्याकाळी शाळा सुटली की सायकल आमच्या भिंतीला लावायची, मोडक्या खुर्चीत बसायचं आणि वाळत घातलेल्या पाट्यांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायच्या, हा त्यांचा कार्यक्रम. चहा आमचा, व्याकरण त्यांचं!

एकदा त्यांनी स्वतःच्या घराची पाटी करायला दिली. आता नाव गोपाळकृष्ण, आडनाव पांढरीपांडे, आणि पत्रा आणला होता वीतभर!

गजभियेनं खडूनं आखून पाहिलं. एकदा आखलं, पुसलं, पुन्हा आखलं. मग म्हणाला, "सर, पाटी मोठी करू की आडनाव लहान करू?"

"आडनावाला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "भोसल्यांच्या वेळेपासून चालत आलंय. एक अक्षर गाळलंस तर पूर्वज रागावतील."

"मंग पाटी दारात मावनार नाही सर. पूर्वजाईले सांगा, एक बाजू धरून उभं राहा म्हना!"

सर स्वतःच सगळ्यात जास्त हसले. पाटी मोठी केली. ती दाराच्या चौकटीबाहेर दोन्हीकडून डोकावायची!

* * *

एका टॉकीजच्या मॅनेजरला संडासाच्या दारांवर 'पुरुष' आणि 'स्त्रिया' अशा दोन पाट्या हव्या होत्या. खेड्यावरून येणाऱ्या पब्लिकला वाचता येत नव्हतं, म्हणून सोबत चित्रंही. चित्रं म्हणजे उस्मानचाचा.

चाचांनी पुरुषाच्या दारावर एक साधा फेटेवाला काढला. पण बाई काढताना त्यांचा हात असा काही लागला की काय सांगू! डोक्यावर पदर, नाकात फुली, आणि नजर सरळ समोर.

काही दिवसांतच मॅनेजर धावत आला. "चाचा, ते बाई थोडी बिघडवून द्या. इंटरव्हलमध्ये माणसं तिच्याचसमोर उभे राहतात. बायाईले आत जायले जागा नाही!"

चाचा म्हणाले, "बनी हुई चीज मैं नहीं बिगाडूंगा. त्यापेक्षा तुमचा माणूस सुधारून देतो."

गेले आणि त्या फेटेवाल्याला अशी पिळदार मिशी काढून दिली, असे डोळे काढून दिले की विचारू नका. पुढच्या आठवड्यात मॅनेजर पुन्हा हजर!

"चाचा, आता बाया हलत नाहीत!"

ह्या चित्रातल्या बाईमुळेच सुमनमावशी आमच्या दुकानात आल्या. आणि त्या आल्या तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो.

* * *

दुपारची वेळ होती. भाऊ आत पाठ करून रंग कालवत बसले होते. बाहेर बांगड्या वाजल्या. भाऊंनी मान न वळवता मला विचारलं, "कोन आलं गा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो.

दारात जे कोणी उभं होतं ते चांगलं उंच होतं. खांदे रुंद, अंगावर हिरवं पातळ नीटनेटकं चोपून नेसलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि गालांवर दाढी केल्याची निळसर झाक. लग्नघरी, बारशाला टाळ्या वाजवत येणारी मंडळी मी लहानपणापासून पाहिली होती. आई तांदूळ आणि पैसे द्यायची, आम्ही पोरं दाराआडून पाहायचो. पण दुकानात, गिऱ्हाईक म्हणून, एकट्यानं आलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

आता भाऊंना काय सांगू? "बाई आल्या" म्हणू की "माणूस आला" म्हणू? आपल्या भाषेत साधं कोणी आल्याचं सांगायचं तरी आधी हे ठरवावं लागतं!

माझी अडचण तिकडूनच सुटली.

"मी आली," असं उत्तर आलं. आवाज जाड, पण गोड.

भाऊ अजूनही वळले नव्हते. ते म्हणाले, "ये बाई, बस. हात रंगाचे हायेत माहे."

मग वळून पाहिलं. पाहिलं, आणि स्टूल फडक्यानं पुसून पुढे केलं. एवढंच.

मावशी बसल्या. म्हणाल्या, "टॉकीजवरची ते बाई कोनं काढली?"

चाचांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. त्यांना वाटलं, आणखी एक तक्रार!

"चांगली काढली. सीधी पाहून राहिली ते लोकाईकडं. मले तुमच्याकडूनच बोर्ड करून पाहिजे."

* * *

मावशींच्या गुरू, चंदाअम्मा, त्या हिवाळ्यात वारल्या होत्या. त्यांच्या नावानं कळमन्याच्या रस्त्यावर पाणपोई घालायची होती. धान्याच्या बैलगाड्या, हमाल, फळवाले, सगळे त्याच रस्त्यानं जायचे. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात तिथे सावली नाही की नळ नाही.

"चंदाअम्मा तहानेल्या माणसाले कधी दारातून जाऊ देत नव्हती," मावशी म्हणाल्या. "म्हनून पानी."

गजभिये खडू घेऊन बसला. पहिलाच प्रश्न: नावाआधी काय?

मी डॉक्टरबाईंकडे भाजून आलेलो, मी गप्प बसलो. पांढरीपांडे सर म्हणाले, "स्वर्गवासी म्हणून 'कै.' लिहा."

चाचा म्हणाले, "नमाज पढती थी चंदाअम्मा. मैंने खुद देखा है. 'मरहूम' लिखो."

मावशी म्हणाल्या, "नमाज बी पढे, अन् रामटेकले बी जाये. नुसतं 'अम्मा' लिहा. दोन्हीकडच्या देवाले समजते!"

पहिला प्रश्न सुटला. मग दुसरा आला. 'च्या स्मरणार्थ' लिहायचं, पण कोणाच्या? 'हिच्या' म्हणावं तर गुरूला कोणी एकेरी लिहितं का? 'श्रीमती' म्हणावं तर ते मावशींना पटेना. "ते लगनवाल्या बायाईचं हाय," म्हणाल्या.

गजभियेनं बराच वेळ खडू कानावर ठेवला. मग काही न बोलता पत्र्यावर लिहिलं, 'चंदाअम्मा यांच्या स्मरणार्थ'.

"झालं न," तो म्हणाला. "'यांच्या'त सगळेच बसतात!"

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "शाबास रे! आदर दिला की लिंग विचारावंच लागत नाही!"

मला ते वाक्य तेव्हा व्याकरणाचं वाटलं होतं.

* * *

त्याच्या खाली 'थंड पिण्याचे पाणी' लिहायचं होतं. आणि सर्वांत खाली, कोणाकडून.

मावशींनी सांगितलं, "लिहा. समस्त हिजडा समाज, नागपूर."

गजभियेचा खडू थांबला. चाचा खोकले. मी उगीच एक डबा उघडून पुन्हा बंद केला.

आता भाऊंच्या नियमाची परीक्षा होती! भाऊ चाचरत म्हणाले, "बाई, दुसरं काही लिहू का वं? 'एक हितचिंतक' लिहू? लोकं लिहितात असं."

"काहून? आमच्या नावात काय खराबी हाय?"

"खराबी नाही. पन ते शिवी हाय न. पोट्टे चौकात एकमेकाईले देऊन राहतात."

"पोट्टे शिवी देतात, ते पोट्ट्याईचं. मी त्याच नावानं जगून राहिली. चंदाअम्मा त्याच नावानं मेली."

मग पांढरीपांडे सर मदतीला धावले. सरांकडे शब्दांची कमी कधीच नव्हती.

"मी एक सुचवू? 'किन्नर' लिहा. जुना शब्द आहे, सुंदर आहे. देवांच्या सभेत गाणारे, ते किन्नर."

मावशींना आवाज आवडलेला दिसला. त्यांनी हळूच म्हणून पाहिला, "किन्नर. त्याचा अर्थ काय होते सर?"

सर प्रामाणिक माणूस. खोटा अर्थ सांगणं त्यांना जमणारं नव्हतं. "अर्थ असा की... किम् नर. म्हणजे, 'हा काय नर?' 'हा पुरुष आहे का?' असं."

"म्हंजे प्रश्न झाला न तो! सर, प्रश्न तं लोकाईले आधीच पडून राहतो, त्यासाठी पाटी कायले पाहिजे? मले उत्तर लिहाचं हाय!"

सर हसले, पण हार मानली नाही. "बरं, जुन्या ग्रंथांत 'तृतीया प्रकृती' म्हणतात. पुरुष ही एक प्रकृती, स्त्री ही दुसरी, आणि..."

"अन् आम्ही तिसरा नंबर! शर्यतीत तिसऱ्याले निदान कप तं भेटते सर!"

सगळं दुकान हसलं. मावशीही हसल्या. मग चाचा, जे इतका वेळ ब्रश पुसत बसले होते, ते म्हणाले, "तुम्हारा जो लफ्ज है ना बहन, मेरे वालिद उसका मतलब बताते थे."

"आमच्या शब्दाचा?"

"हां. कहते थे 'हिज्र' से बना है. कोई मानता है, कोई नहीं मानता. शायरी में आता है हिज्र. मतलब जुदाई. अपना घर, अपने लोग छोडके निकल जाना. बिछड जाना."

मावशींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "एक बार और बोलो," त्या म्हणाल्या.

चाचांनी पुन्हा सांगितलं.

मावशी पदर सारखा करत इतकंच म्हणाल्या, "शिवी देनाऱ्याईले ठाव नाही, किती खरं बोलून राहिले ते."

मग गजभिये बोलला. तो फार बोलणारा माणूस नव्हता.

"छप्पन साली माह्या मायबापानं दीक्षा घेतली, तवा मी बापाच्या खांद्यावर होतो. त्यानं एक नाव सोडलं, एक घेतलं. काही लोकं अजून जुन्याच नावानं हाका मारून राहिले. बाप म्हनते, ज्या नावाले मी 'ओ' देतो ते माहं नाव. बाकीचा नुसता आवाज." त्यानं खडू उचलला. "भाऊ, हे पाटी मी लिहितो. मावशीनं सांगतली तशी."

भाऊ म्हणाले, "मी कुठं नाही म्हनलं? गिऱ्हाईक सांगन ते लिहायचं!"

* * *

निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, अक्षरांना पिवळी शेड. गजभियेनं त्या एका शब्दावर जितका वेळ घालवला तितका त्यानं देवळाच्या पाटीवरही कधी घालवला नव्हता. 'ज'चा डोळा असा गोल, की तोंडात घालावा!

पाटी वाळायला बाहेर फुटपाथवर भिंतीला टेकवून ठेवली. आणि लागली की गर्दी! वाचायचे, कोपरानं एकमेकांना ढोसायचे, खिदळायचे. एक पांढऱ्या शर्टातला तर पाटीसमोरच उभा राहून आत ओरडला.

"काय हो पेंटर, भर रस्त्यावर शिव्या काय लिहून राहिले?"

ज्या भाऊंनी 'हितचिंतक' सुचवला होता, तेच भाऊ ब्रश हातात घेऊन उठले.

"वाचता येते न गा तुले?"

"येते न. म्हनून तं विचारून राहिलो."

"मंग वरची ओळ बी वाच. 'थंड पिण्याचे पाणी' लिहिलं हाय. तहान लागली असन तं सांग, नाही तं ऊन सोड माह्या पाटीवरचं!"

तो गृहस्थ खरंच बाजूला सरकला. त्याची सावली पाटीवर पडत होती!

* * *

पाणपोई सुरू झाली त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. तट्ट्याचा मांडव, वाळूवर मांडलेले लाल रांजण, वर वाळ्याची ओली ताटी. जनावरांसाठी बाजूला सिमेंटचं टाकंही बांधलं होतं. मावशी आणि त्यांच्या चार-पाच जणी नवी पातळं नेसून, हातात पितळी ओगराळी घेऊन उभ्या.

आणि कोणी येईना!

लोक यायचे, मांडव पाहून पावलं वळवायचे, पाटी वाचायचे आणि पावलं पुन्हा सरळ करायचे. हमाल घामानं निथळत होते, जिभा कोरड्या पडल्या होत्या, तरी मान खाली घालून पुढे. आम्ही प्यायलो, पण आम्ही म्हणजे घरचेच. मावशींच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. फक्त त्या रांजणावरचं ओलं फडकं पुन्हा पुन्हा सारखं करत होत्या.

तेवढ्यात एक भरलेली बैलगाडी आली. गाडीवान कासरा ओढतोय, "हो हो, चाल!" करतोय, आणि बैल काही ऐकेनात. सरळ टाक्याकडे वळले, तोंड बुडवलं आणि भसाभसा प्यायला लागले. अख्खी गाडी रस्त्यात आडवी!

मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "बरं झालं माय! याईले वाचता नाही येत!"

गाडीवान खाली उतरला. बैलांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, पुन्हा बैलांकडे पाहिलं. त्याचा घसा हललेला मी स्वतः पाहिला.

"माह्या बैलाईनं पेलं," तो स्वतःशीच म्हणाला. "मी का बैलापेक्षा मोठा हाव?"

आणि ओंजळ पुढे केली.

त्याच्या मागून एक हमाल आला. मग दोघे. मग ओळच लागली!

* * *

तरी सगळं गोडच झालं असं नाही. एका सकाळी पाहिलं तर कोणीतरी पाटीवरच्या त्या एका शब्दावर डांबर फासलं होतं. बाकीची अक्षरं तशीच, तेवढाच शब्द काळा.

मावशी दुकानात आल्या. रडल्या नाहीत. "एक शब्द दुरुस्त करून पाहिजे," म्हणाल्या.

गजभिये गेला, डांबर खरवडलं, रंग दिला, शब्द पुन्हा लिहिला. फक्त थोडा मोठा. पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा डांबर! गजभिये पुन्हा गेला. शब्द आणखी मोठा. आता तो 'नागपूर'पेक्षा मोठा दिसायला लागला.

पांढरीपांडे सर म्हणाले, "अरे, पाटीचा तोल जातोय."

"जाऊ द्या सर," गजभिये म्हणाला. "आता त्याईले डांबराचा डबा मोठा आनावा लागन!"

पण पुढे डांबर लागलंच नाही. नंतर कळलं की हमालांनी आपसात पाळी लावून पाटीवर नजर ठेवली होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी एकाला विचारलं तर तो उलट मलाच म्हणाला, "काहून म्हंजे? पानी पेतो न आम्ही!"

* * *

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर एक माणूस बसलेला. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, काखेत कापडाची पिशवी. चाळिशीतला असेल, उन्हानं रापलेला. रामटेककडचा धानवाला शेतकरी.

"पानपोईची पाटी तुमीच लिहिली काय? कोपऱ्यात दुकानाचं नाव होतं."

भाऊ म्हणाले, "आम्हीच लिहिली. बोला."

"तिथं ते पानी पाजते न... ते उंच... ते म्हंजे..." एवढं बोलून तो अडकला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"सुमनमावशी?"

"इकडं सुमन म्हनतात काय?" तो म्हणाला. "आमच्या घरी दुसरं नाव होतं."

ते नाव त्यानं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

तो मावशींचा धाकटा भाऊ होता. वासुदेव. त्यांच्या गावचा एक गाडीवान धान घेऊन आला होता, पाणपोईवर पाणी प्यायला होता, आणि त्यानं मावशींना ओळखलं होतं. गावी जाऊन त्यानं वासुदेवच्या आईला सांगितलं. वडील वारले होते. आईनं वासुदेवला पाठवलं. तो आदल्या दिवशीच येऊन पाणपोईसमोर झाडाखाली संध्याकाळपर्यंत बसला होता, पण जवळ जाऊ शकला नव्हता.

"जाचं होतं न जवळ," मी म्हणालो.

"जाऊन काय म्हनून आवाज देऊ?" त्यानं आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. "लहानपनी मी दादा म्हनत होतो. आता काय म्हनू? तुम्ही लिहिनारे लोकं हा. तुमीच सांगा."

सुट्टीचे दिवस, सर सकाळीच येऊन बसलेले. पण त्यांच्याकडूनही शब्द निघाला नाही. भाऊंनी मला डोळ्यानं खूण केली. मी सायकल काढली आणि मावशींना घेऊन आलो. फक्त "भाऊंनी बोलावलं" म्हणालो.

मावशी नेहमीसारख्या हसत पायरी चढल्या आणि आत बसलेल्या माणसाला पाहून थबकल्या. तो उठून उभा राहिला. नजर त्यांच्या पायांवर, पायांतल्या जोडव्यांवर. चाचांनी रेडिओ बंद केला.

मावशींचा एक हात दाराच्या चौकटीवर होता. त्या बाहेर निघून जातील असं मला वाटलं.

मग त्यांनीच विचारलं, "वासुदेव हायेस काय रे तू?"

त्यानं मान डोलावली.

"किती वाळला रे. जेवून राहिला का नाही वेळेवर?"

वासुदेव खाली बसला आणि पिशवीची गाठ सोडायला लागला. गाठ घट्ट होती. गजभिये पुढे झाला तर त्यानं हातानं थांबवलं. शेवटी गाठ सुटली. आतून एक नवंकोरं लुगडं निघालं. हिरवं, लाल काठाचं.

ते दोन्ही हातांवर धरून तो उभा राहिला, आणि म्हणाला,

"बाई."

आमच्या भागात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

"बाई, मायनं धाडलं तुह्यासाठी."

मावशींनी लुगडं घेतलं. काठावरून बोट फिरवलं. घडी उलगडली, आणखी उलगडली, ते संपेचना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"नऊवार धाडलं वं माय! मले कुठं नेसता येते नऊवार? मी तं जन्माची पाचवारवाली!"

वासुदेवनं बाहीनं तोंड पुसलं.

"ते मायले ठाव हाय. ते म्हने, नेसता नाही आलं तं घरी ये म्हना. मी नेसवून देईन."